वाळूचे पुंजके

चित्रात वाळू भट्टीतून वर उसळून धुराड्याच्या वाटेला लागलेली दिसत होती. लाल, पिवळी, एकदम देखणी. आमच्या धंद्याचं हेच दुखणं आहे. चुकलेलं चित्रही देखणंच येतं आणि गिऱ्हाईक खूश होतं.

बेळगावातलं आमचं ऑफिस म्हणजे मी, करिष्मा आणि चार कॉम्प्युटर. कारखान्यांच्या भट्ट्यांत हवा आणि कण कसे वाहतात ते आम्ही गणिताने काढून देतो. चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याच्या बॉयलरचं काम आलं होतं. त्याच्या भट्टीत तळाला तापलेली वाळू असते. खालून पंख्याची हवा सोडली की ती आधणासारखी खदखदते आणि तिच्यात भुसा जळतो. कारखान्याला जादा वाफ हवी होती, म्हणून मोठा पंखा बसवायचा होता. त्या वाऱ्याने वाळू उडून गेली, तर भट्टी आठ फूट उंच करावी लागणार होती.

पहिल्या हिशेबात वाळू उडाली. मी तसं कळवून टाकलं. उंची वाढवायचं काम सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला मिळालं आणि तो निघाला परशराम, करिष्माचा सख्खा भाऊ. वडगावातले वडिलांचे माग बंद पडल्यावर त्याने उद्यमबागेत फॅब्रिकेशनची शेड टाकली होती. त्या शेडच्या कमाईवरच ही पोरगी इंजिनियर झाली. वर्षभर शेडला धड काम नव्हतं. पक्की ऑर्डर आमचा शेवटचा रिपोर्ट गेल्यावर निघणार होती.

इकडे करिष्माला ते चित्र खुपायला लागलं. आख्खी भट्टी बारीक चिरून तपासायची तर आमचे कॉम्प्युटर वर्षभर दळत बसतील, म्हणून आम्ही तिचे वीतभर चौकोन पाडतो. एका चौकोनातली वाळू सगळीकडे सारखी पसरलीय असं कॉम्प्युटर धरून चालतो. खरी वाळू मात्र पुंजक्यांनी फिरते. उफणताना पाटी हलवत दाणे सोडले तर वारा त्यांच्यात शिरतो. पाटी एकदम उपडी केली तर तो बाजूने निघून जातो. म्हणजे आमचं गणित वाऱ्याला नसलेलं बळ देत होतं.

तिने भट्टीचा एक छोटा तुकडा अगदी बारीक चौकोनांत सोडवला, पुंजक्यांमुळे वाऱ्याची पकड किती कमी होते ते काढलं आणि ती दुरुस्ती मोठ्या चौकोनांत घातली. वाळू भट्टीतच राहिली. उंची वाढवायची गरजच नव्हती.

"उंच भट्टीने कुणाचं काही बिघडत नाही," मी म्हटलं. "आहे तसा जाऊ दे रिपोर्ट."

संध्याकाळी ती मलाच बरोबर घेऊन शेडवर गेली. परशरामने वेल्डिंग थांबवून सगळं ऐकून घेतलं.

"न्हाय सांगितलं तर त्यास्नी कळंल काय?"

"न्हाय."

"कधीच?"

"कधीच न्हाय, अण्णा. उंच केली तरी भट्टी चांगलीच चालंल."

"मग कशाला सांगतीस?"

"मला कळलंय न्हवं."

तो बराच वेळ हातमोजे झटकत राहिला. "जा, सांग जा," म्हणाला. चहाचं मात्र विचारलं नाही.

रिपोर्ट गेला, ऑर्डर बारगळली. परशरामने मोठं वेल्डिंग मशीन विकलं. बहिणीशी तो कामापुरतंच बोलू लागला.

हंगामाच्या तोंडावर चाचणी झाली. नवा पंखा पूर्ण सोडला. उडालेली वाळू जिथे साठते त्या टाकीपाशी आम्ही दोघं उभे होतो. दुपार झाली तरी टाकीत मूठभर वाळूसुद्धा आली नाही. चीफ इंजिनियरने कन्नडमधून शाबासकी दिली, नारळ फोडला. करिष्माने खोबरं हातात घेतलं, पण चेहरा पडलेलाच. मला तिचा रागच आला. गणित बरोबर आल्यावर माणूस असं तोंड करतो का?

गाडीत बसल्यावर तिने परशरामला स्पीकरवर फोन लावला.

"अण्णा, वाळू उडाली न्हाय."

"बरं झालं," तो म्हणाला. "खरं सांगू? सकाळपासनं मला लई वाटत हुतं, उडू दे म्हणून."

करिष्माने पदर नसल्यामुळे बाहीलाच डोळे पुसले.

"मलाबी," ती म्हणाली.