चांदीच्या फुलांचे पाट

"ताई, पाट उभे ठेवू की आडवे?" शामलाने विचारले.

ग्वाल्हेरला शिंदे की छावनीतल्या तिच्या घरात जिकडेतिकडे पेंढा पसरला होता. तीन पेट्या खिळे ठोकून बंद झाल्या होत्या. चौथीत पितळेची भांडी, शिवणयंत्र आणि माधवरावांची पुस्तके बसली होती, तरी जागा उरली होती. शामलाच्या नवऱ्याला, माधवरावांना, नैरोबीला रेल्वेत इंजिनीअरची नोकरी लागली होती. सगळा संसार मुंबईहून बोटीने जायचा होता.

शरयू थोरली बहीण. सकाळपासून ती कप कागदात गुंडाळत होती आणि धाकटीच्या पायातल्या नव्या बुटांकडे बघत होती. गोरी मडमच जणू. बोट लागून हिला चांगल्या उलट्या होवोत, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. तो तिने हाकलला नाही.

आता ती पाटांकडे बघू लागली. शिसवी पाटांची जोडी, कोपऱ्यांवर चांदीची फुले. वडिलांना दरबारातून मिळालेली. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना कुशीवर वळवले ते शरयूने, पेज भरवली ती शरयूने. शामला दिवाळीला आली, उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवले आणि परत गेली. डोळे मिटण्याआधी वडील म्हणाले होते, "पाट शामीला द्या." मग शरयूकडे वळून म्हणाले, "तुझं काय, तू इथंच आहेस."

"चांदी आहे ना त्यांना," शरयू म्हणाली. "चांदी बंदरावर अडवतात."

"सच्ची?"

"हे सांगत होते. परदेशी न्यायला बंदी आहे."

शरयूचा नवरा बळवंतराव पडावच्या नाक्यावर सायरात, म्हणजे संस्थानच्या जकात खात्यात, कारकून होता. त्याचे म्हणणे म्हणजे कायदाच. आदल्या दिवशी जेवताना तो खरेच चांदीबद्दल बोलला होता. पण त्याचे वाक्य पुढेही होते. चांदीला परवाना लागतो, आणि घरातली वापरलेली वस्तू असली की मुंबईत अर्ज केल्यावर तो मिळतो. शरयूने अर्धेच सांगितले.

शामला भांडेल, रडेल, माधवरावांना हाक मारील असे शरयूला वाटले होते. शामलाने पाटावरून एकदा हात फिरवला.

"मग तू घेऊन जा, ताई," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय कुणाकडे ठेवू मी?"

दुसऱ्या दिवशी सामान पडावला स्टेशनवर गेले. संस्थान मध्य भारतात विलीन होऊन दोन वर्षे होत आली होती, तरी ग्वाल्हेरच्या हद्दीबाहेर जाणारे सामान अजून सायरच्या खिडकीपुढून जात होते. महिनाअखेर नाका उठणार होता. बरोबरचे दोघे कारकून नोकरी जाऊन घरी बसले होते. बळवंतरावाला इंदूरला विक्रीकरात हजर व्हायचा हुकूम आला होता, आणि या वयात तिथे कुणाच्या हाताखाली बसावे लागेल हे त्याला ठाऊक नव्हते.

त्याने साडूच्या चारही पेट्या उघडायला लावल्या.

"अहो बळवंतराव, घरचंच तर सामान आहे," माधवराव म्हणाले.

"घरचं आहे म्हणूनच. उद्या कोणी म्हणायला नको, साडू होता म्हणून सोडलं." त्याने वाकून प्रत्येक पेटी पाहिली आणि खिळे परत ठोकायला सांगितले. मग सहज विचारले, "आणि पाट? पाट दिसले नाहीत."

"ते कुठे नेता येतात, भाऊजी?" शामला म्हणाली. "चांदी अडवतात म्हणे. ताईनं सांगितलं ना, तुम्हीच म्हणालात म्हणून."

बळवंतरावाने मान वर केली. शरयू हमालाच्या गाडीपाशी उभी होती. तिने पदर नीट करायचे निमित्त केले, पण पदर नीटच होता. आता हा सांगेल, तिला वाटले, धाकटीसमोर, माधवरावांसमोर. याच्या तोंडून नाक्यावर कधी खोटा शब्द निघालेला नाही. लोक त्याला त्यावरून हसत.

"हो," बळवंतराव म्हणाला. "अडवतात."

आणि तो पेट्यांवर लाख ओतू लागला.

गाडी सुटताना शामला शरयूच्या गळ्यात पडून रडली. शरयूलाही रडू आले. पण कशाचे, ते तिला सांगता आले नसते. 

संध्याकाळी शरयूने दोन्ही पाट पुसून मांडले, ताटे वाढली. बळवंतराव हात धुऊन आला. त्याने आपले ताट उचलले, दोन हात अंतरावर ठेवले आणि जमिनीवर मांडी घालून जेवायला बसला. नेहमीसारखा जेवला. आमटी पुन्हा मागून घेतली. शरयू पाटावर बसली होती, तिला उठताही येईना.

"बोला तरी," ती शेवटी म्हणाली.

"काय बोलू? मीठ बरोबर आहे."

सकाळी तो कामावर गेल्यावर तिने पाट जुन्या रजईत गुंडाळले, वरून गोणपाट शिवले आणि टांगा केला. बोट सुटायला आठवडा होता. तोवर शामला दादरला माधवरावांच्या मावशीकडे उतरणार होती. वाटेत पाटणकर बाजारापाशी शरयूला वाटले, टांगा वळवावा. ती तर गेलीच आहे. तिला तिकडे बंगला मिळेल, नोकर मिळतील. पाट कशाला हवेत तिला? तिने टांगेवाल्याला हाकही मारली.

"क्या हुआ, बाईसाब?"

"कुछ नहीं. चलो."

सायरच्या खिडकीपुढे दोन व्यापारी होते. शरयू त्यांच्या मागे उभी राहिली. या खिडकीशी ती कधी आली नव्हती. तिची पाळी आली तेव्हा बळवंतरावाने वर पाहिले. 

"सामान कुणाचं?" त्याने विचारले.

"बहिणीचं."

"काय आहे?"

"पाट." ती म्हणाली. "चांदीची फुलं आहेत."

"कुठं जायचं?"

"मुंबई. पुढं नैरोबी."

"उघडून दाखवावं लागेल."

तिने स्वतः शिवलेली शिवण स्वतः उसवली. त्याने पाट उलटसुलट करून पाहिले, परक्याचे पाहावेत तसे. घरगुती, वापरलेले, जकात माफ, असे त्याने तोंडाने म्हणत लिहिले. मग गोणपाट बांधून लाख ओतली आणि शिक्का दाबला. शिक्का अजून संस्थानचाच होता, नवा आलाच नव्हता.

"परवान्यासाठी माधवरावांना तार करतो," तो म्हणाला.

"काय कळवाल?"

"नियम बदलला म्हणून." त्याने शिक्का पुसून ठेवला. "सध्या रोजच बदलतायत."

"काल का नाही खरं सांगितलंत?"

"तुझ्या धाकट्या बहिणीसमोर?" तो एवढेच म्हणाला.

हमालाने गाठोडे डोक्यावर घेतले आणि तो पार्सलच्या डब्याकडे निघाला. शरयू बघत राहिली. आता ते पाटसुद्धा समुद्र पाहणार होते. मनात तोच हेवा होता, कालइतकाच कडू. काही कमी झाले नव्हते. तिने डोळे टिपले आणि वळली.

खिडकी बंद झाल्याचा आवाज झाला. बळवंतराव बाजूच्या दाराने बाहेर येत होता. कामाच्या वेळेत तो कधी जागचा हलत नसे.

"चहा घेणार?" त्याने विचारले.

चहाच्या ठेल्यापाशी हमाल, टांगेवाले उभे होते. त्यांच्यात जाऊन त्याने मातीचे दोन कुल्हड भरून घेतले. तिने हात पुढे केला, तेव्हा म्हणाला, "थांब. पोळेल." आणि सगळ्यांच्या देखत तिचा कुल्हड आपल्या हातात धरून, तो निवायची वाट बघत उभा राहिला.