निळ्या डब्याला आलेला संशय

मित्रांनो, मला बघून तुमच्यातले निम्मे रडले असणार, हे मला माहीत आहे. मी लसीचा एक जुना निळा डबा आहे. जाड भिंती, आत बर्फाचे चार पॅक, मधे बाटल्या. नवा होतो तेव्हा चकाचक होतो. आता पट्टा दोनदा शिवलाय, एक कोपरा फुटलाय. चौदा वर्षं सुचित्रा सिस्टरच्या खांद्यावरून परळ, डिलाईल रोडच्या चाळी चढतोय.

आधी लोक कौतुक करायचे. सिस्टरना चहा, मला स्टूल. मग मोबाईलवर काय काय फिरायला लागलं, दारं अर्धीच उघडायला लागली. यात नक्की काय भरलंय, असं माझ्याकडे बघून कुजबुजायचे. खरं सांगू, मग मलाही संशयाची सवय लागली. कोण टाळतंय ते मी दारावरूनच ओळखतो, असं वाटायचं.

अशाच एका चाळीत राहणाऱ्या मीराबाई धुणीभांडी करतात. त्यांच्याकडे आम्ही नातवाचं लसीचं कार्ड तीनदा मागितलं. तिन्ही वेळा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवलं. सगळे डोस पूर्ण. तरी माझा संशय जाईना.

त्यांच्या वरच्या मजल्यावर अजित राहतो. टॉवरमधल्या ऑफिसात नोकरी, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. मुलगी मनवा, दोन वर्षांची. तो म्हणाला, गोवरची लस प्रायव्हेटमध्ये दिलीय, कार्ड गावाला राहिलं. कणकवलीला. सिस्टरनी वहीत 'पूर्ण' लिहिलं. मला शंकासुद्धा आली नाही. इस्त्रीच्या शर्टावर कोण शंका घेतो?

गणपतीला सगळे गावी गेले, परत आले. पंधरा दिवसांत अजितच्या दाराला कडुलिंबाचा पाला. घरात गोवर आला की इथे अजून बांधतात. मनवाला झाला होता. सिस्टर जिन्यातच थांबल्या. लस घेतलेल्याला गोवर क्वचित होतो. त्यांनी गावाहून कार्डाचा फोटो मागवायला सांगितला.  तेव्हा अजित बोलला, लस दिलीच नव्हती. भावाच्या मुलाला इंजेक्शननंतर तापात झटके आले होते. तो बरा झाला, अजितची भीती नाही गेली. विचारलं तर अडाणी म्हणतील, म्हणून खोटं बोलला.

समोरच्या खोलीत ओवी. पाच महिन्यांची. गोवरची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. तिचं वयच झालं नव्हतं. मनवा रोज तिचे पापे घ्यायची. ओवीला ताप आला, मग धाप लागली. हॉस्पिटलात अकरा दिवस, ऑक्सिजनवर.

सहाव्या दिवशी तिची आई दुर्गा कपडे न्यायला आली. आम्ही तिथेच होतो. अजित दारात उभा राहिला. "वहिनी, मुद्दाम नाही केलं. माझी मुलगी, माझा निर्णय, एवढंच वाटलं मला."

दुर्गा कपडे भरत राहिली. "भावोजी, खोली तुमची. गॅलरी कोणाची?" पिशवीला गाठ मारली. "भीती वाटत होती तर सांगायचं ना. मी ओवीला घेऊन माहेरी गेले असते, अँटॉप हिलला. तुम्ही मला माझा निर्णयच घेऊ दिला नाही."

 वहीतलं 'पूर्ण' सिस्टरनीच लिहिलं होतं. आणि मी? चुकीच्या दारावर शहाणपणा करत बसलो होतो.

ओवी वाचली. सुकून गेली, आवाज बारीक झाला, पण घरी आली.

मग चाळीत लसीचा दिवस ठेवला. मनवा बरी झाली होती, पण तिचे डोस राहिलेच होते. अजित तिला घेऊन आला आणि सगळ्यांसमोर विचारलं, झटके आले तर? सिस्टरनी खोटा धीर दिला नाही. तापात क्वचित येतात, बहुतेक मुलं बरी होतात, अर्धा तास इथेच बसा, असं सांगितलं. मग माझं झाकण उघडून बाटली त्याच्या हातात दिली. तिच्यावर छोटा चौकोन असतो. उष्णतेने लस खराब झाली की काळा पडतो. अजितने उजेडात धरून बघितला, फिरवून बघितला.

"हापूस निवडतोयस काय रे?" रांगेत मागून शेजारच्या राधाबाई.

"बघू द्या त्यांना," दुर्गा म्हणाली. ओवी तिच्या खांद्यावर होती.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल संशय घ्या. झाकण उघडायला लावा, शंभर प्रश्न विचारा. मला राग येत नाही. फक्त संशय खिशात ठेवून 'झालं' म्हणू नका. शेजारच्या पाळण्यातलं कोणीतरी तुमच्या शब्दावर झोपलेलं असतं.