मामी म्हण

स्वप्नालीनं बॅगेतून बुटांचा डबा काढून उघडला, तशी शिवानीनं दोन्ही बूट छातीशी धरले आणि सुसाट स्वयपाकघरात पळाली.

"मामी! मामी, बघ की! चाललं की खाली लाइट लागतेत!"

स्वप्नालीच्या हातात रिकामा डबा तसाच राहिला. या घरात मामी कोण? आत तर फक्त गौरम्मा होती. तिची वहिनी. शिवानीची आई.

"बघितले गं. माझे हात पिठाचे हायत," आतून गौरम्मा म्हणाली. "आईला सांग घालून द्यायला. जा."

शिवानी परत आली, स्वप्नालीपुढं उभी राहिली आणि पाय पुढं केला.

"आई, घालून दे."

सहा वर्षांची पोर. कपाळावर विभूतीची तीन बोटं. ह्या एका हाकेसाठी स्वप्नालीनं मेलबर्नात दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, पोटात सुया टोचून घेतल्या. आता हाक आली तर अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा नव्हता. तिनं गपचूप बूट घातले. लई मोठे होते.

तिचा भाऊ बसवंतअण्णा खुर्चीत बसून हे बघत होता, दुकानात नवा माल लावून झाल्यावर बघतो तसा. मुरुडात त्याचं किराणा दुकान होतं, आणि घरात बी तो गल्ल्यावर बसल्यासारखाच बसायचा.

"कसं काय? तयार करून ठेवलंय का न्हाई पोरीला?"

"हे काय लावलंय, अण्णा?"

"काय लावलंय म्हंजे? तू आई झाल्यावर आमी तिचे कोण? मामा-मामी. तिकडं जाऊन फोनवर गौरीला आई आई करत बसली तर तुला गोड लागंल का? आन आज ती बालसंरक्षणवाली मॅडम येणार हाय लातूरहून. पोरीची मर्जी विचारणार. तिथं गडबडली म्हंजे?"

"मी फोनवर दत्तकाचं नुसतं विचारलं होतं. आमी दोघं नवरा-बायको अजून बघतच होतो. कुठून घ्यायचं, कसं घ्यायचं."

"बघता बघता चाळिशी आली तुझी. घरातलं लेकरू सोडून परक्याचं कशाला बघतीस? आमाला मोठी पोरगी हाय की."

ह्या माणसाशी बोलायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. स्वप्नाली उठून आत गेली. गौरम्मा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"वहिनी, तुमाला चालतंय हे?"

"चालायला काय झालंय, ताई. विमानात बसंल. इंग्लिश बोलंल."

"पण मामी म्हणायला कशी लागली? एवढं लेकरू ऐकतंय व्हय असं?"

"ऐकत नव्हती." गौरम्मानं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "मग ह्यांनी सांगितलं, आई म्हणली की ओ द्यायचं न्हाई. मामी म्हणली की लगीच द्यायचं. पाणी मागू दे, जेवाय मागू दे. ओ द्यायचं न्हाई."

"आन तुमी दिलं न्हाई?"

"एकदा तापली होती लई. तवा..." भाकरी उलटायची राहून गेली होती. कडेनं धूर निघाला. "तवा बी न्हाई."

दुपारी मॅडम आल्या. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडला, पाणी प्याल्या आणि सगळ्यांना ओसरीत बसवून शिवानीला एकटीला आत घेतलं. दार नुसतं लोटलेलं. पोरीचा आवाज खणखणीत बाहेर येत होता.

"बाहेर कोण बसलंय, बाळा?"

"आई. मामा. मामी."

"आईसोबत लांब जायचंय का तुला?"

"हाव."

अण्णानं मांडीवर थाप मारली. गौरम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. बोट पांढरं पडलं तरी गुंडाळतच होती.

मग मॅडमनी स्वप्नालीला आत बोलावलं.

"लेकरू एकदम स्पष्ट बोलतंय. तुम्हालाच आई म्हणतंय. एवढा लळा आधीपासून असला की आमचं काम सोपं होतं. मग, पुढं जायचं ना?"

तिकडं घरात एक खोली रिकामी होती. तिच्या नवऱ्यानं, रविकिरणनं, स्वतः तिला पिवळा रंग दिला होता. स्वप्नाली रोज तिथला केर काढायची, केर नसला तरी. 'हो' म्हणायला तिनं तोंड उघडलं बी.

"नको," ती म्हणाली.

"काय?"

"मला न्यायचं न्हाई तिला. तिला आई हाय, मॅडम. ह्यांनी हाक बदलून घेतलीया पोरीकडून."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "पोरीला हळूहळू सांगा. एकदम नको."

मॅडमची पाठ फिरली आणि अण्णा भडकला.

"गावभर सांगून बसलो मी! गिऱ्हाइकांना पेढे वाटले! घरबसल्या मिळालं म्हणून किंमत न्हाई तुला. जा, हिंड आता दारोदार लेकरू मागत!"

चपला पायात कोंबून तो दुकानाकडं निघून गेला.

स्वयपाकघरात गौरम्मानं स्वप्नालीचं मनगट धरलं. नुसतं धरलं, बांगड्या रुतेपर्यंत. स्वप्नालीला हात सोडवून घ्यावा वाटला. आपल्या रिकाम्या हाताला कुणी असं धन्यवाद दिल्यासारखं धरावं, हे तिला सोसंना.

तेवढ्यात न्हाणीतून आवाज आला.

"आई! टॉवेल दे की!"

स्वप्नालीच्या गळ्यापर्यंत 'ओ' आला. तिनं ओठ दाबून धरले आणि गौरम्माकडं बघितलं. गौरम्मा तिच्याकडंच बघत होती. स्वप्नाली कधी ओ देते म्हणून.

"वहिनी, तुमी द्या ओ. तुमची हाय आता ती."

गौरम्माचे ओठ हलले. आवाज निघाला नाही.

"आई!"

गौरम्मानं परत तोंड उघडलं. काहीच नाही.

न्हाणीत नळाचं पाणी तेवढं बादलीत टपकत होतं. मग शिवानीचा आवाज आला, खालच्या पट्टीतला, शहाण्या पोरीचा.

"मामी..."

"ओ! आले गं, आले," गौरम्मा म्हणाली आणि टॉवेल घेऊन पळाली.