मागं न बघण्याचा नेम

खंडोबाच्या जत्रेत चऱ्होलीचे तरणे गडी देवळापर्यंत अनवाणी पळायचे. कपाळी भंडारा लावून निघालेल्यानं मागं वळून बघायचं नाही, बघितलं की शर्यतीतून बाद, एवढा एकच नेम.

मुदतीच्या तापातून नुकत्याच उठलेल्या गेनूला त्याच्या दोस्तानं, मुरारीनंच ओढून आणलं होतं. "घरी बसून कोंबड्या राखतोस व्हय रं?" एवढा टोमणा पुरला. गेनूनं आईला न सांगताच काष्टा मारला.

ओढा ओलांडेपर्यंत गेनूची पावलं मुरारीच्या मागंच वाजत होती. बाभळींपाशी ती थांबली. दम खात असंल, मुरारीला वाटलं. पण पावलं पुन्हा वाजेनात. समोर देऊळ दिसत होतं, लोक मुरारीच्याच नावानं ओरडत होते. गेनूच्या आईला काय सांगायचं, ते मात्र कुणी ओरडून सांगत नव्हतं.

तो वळला.

गेनू धुळीत पालथा पडला होता, ओठ निळे पडलेले. मुरारीनं त्याला पाठुंगळी घेतलं, तशी मानेपाशी कुजबुज आली, "आरं, देऊळ तिकडं हाय."

"गप ऱ्हा," मुरारी म्हणाला आणि आळंदीच्या डॉक्टरकडं पळत सुटला. आपण फार हळू पळतो, असं त्याला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.