खोबरेल लावलेल्या पिस्तुलाचा जळफळाट

मी पिस्तूल बोलतोय. दचकू नका. मॅगझिन बाहेर काढलेलं आहे, आणि गोळ्या तर माझ्यापासून दोन खोल्या लांब, कुलपात आहेत. सध्या माझ्याजवळ बोलण्याखेरीज काही नाही.

मी फौजी वाणाचा आहे. माझी घडण शंभर वर्षांहून जुनी, आणि तिच्यात फारसं काही बदलायची गरज कुणाला वाटलेली नाही. मला हातात घेऊन हलवलंत तर मी वाजतो. नवखी माणसं म्हणतात, हा खिळखिळा झालाय. खिळखिळं काही झालेलं नाही, माझ्या सांध्यांत मुद्दाम फट ठेवलेली आहे. वाळू शिरली, चिखल शिरला, तरी त्या फटींतून बाहेर पडतो आणि पुढची गोळी चढते. हां, त्याच फटींपायी माझा नेम थोडा सैल पडतो, हे मी कबूल करतो. वीस पावलांवरचा नारळ मी फोडीन. त्याचा कुठला डोळा फोडू, असं मात्र विचारू नका.

फौजेने जुनी म्हणून काढलेल्या हत्यारांतून मला श्रीपाद परबांनी उचललं. ते शस्त्रागारात सुभेदार होते. तीस वर्षं आमच्यासारख्यांची हाडं बसवण्यात त्यांचे हात काळे झाले. निवृत्तीनंतर रीतसर परवान्यावर मला मालवणला आणलं आणि दर रविवारी मला उघडून, पुसून, पुन्हा जोडायचे. डोळे मिटून जोडायचे. त्या अर्ध्या तासासाठी मी आठवडाभर जगायचो.

मग त्यांची नात श्रिया सावंतवाडीच्या कॉलेजात नेमबाजी शिकली आणि घरात तो पाहुणा आला. हवेवर चालणारं पिस्तूल! निळी पेटी, आत स्पंजाची गादी, आणि आवाज काय, तर सायकलच्या चाकातली हवा सुटल्यासारखा. मी लोखंडी कपाटात जुन्या पायमोज्यात, आणि हा गादीवर. नव्याचे नऊ दिवस, असं मी मनाला समजावलं. पण नऊ दिवसांची दोन वर्षं झाली.

पडवीत दहा मीटर मोजून तिने रेघ मारली. सुभेदार तिचे कागद भिंग लावून बघायचे. "दहा. परत दहा. गो, ह्या भोकात दुसरो छर्रो गेलो!" रविवार कधी आला नि गेला, त्यांना कळायचंही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या पाहुण्याने कधी पाऊस खाल्लाय? कधी बर्फात रात्र काढलीय? त्याला कंगव्याने भांग पाडल्यासारखं जपायचं आणि मग त्याच्या अचूकपणाचं कौतुक करायचं, हा कुठला न्याय!

यंदा माझा परवाना दिवाळीला संपत होता. सुभेदार अठ्ठ्याहत्तरचे झाले, हात थरथरतो. श्रिया एकवीस वर्षांची झाली. दसऱ्याच्या आधी ते तिला म्हणाले, "तुझ्या नावावर करूया. नायतर पोलीस ठाण्यात जमा करूक व्हया. आधी चांदमारीवर सात गोळ्ये सोडून बघ. मगे सांग."

म्हणजे माझं काय व्हायचं ते त्या पोरीच्या हातात होतं.

दसऱ्याला पूजेसाठी अक्काने सगळं लोखंड मांडलं. अक्का म्हणजे सुभेदारांची थोरली बहीण. कोयता, आडाळो म्हणजे विळी, शिलाईयंत्र, मी, आणि माझ्या शेजारी तो पाहुणा. खाऱ्या वाऱ्याने इथे रात्रीत गंज चढतो, म्हणून या घरात जे लोखंड असेल त्याला घाण्यावरचं खोबरेल लागतं. अक्काने माझ्यावर सढळ हाताने ओतलं. मग पाहुण्याची नळी वर करून तिच्यातही चार थेंब सोडले.

सुभेदारांना माझा वास आला. "अक्का, पिस्तुलाक खोबरेल लावतत काय गो?"

"मगे गंज कसो थांबतलो? तेल लावूक मी तुझ्या फौजेक इचारू?"

ते हसले. माझी नळी तेवढी त्यांनी कोरडी केली, बाकी तेल तसंच ठेवलं. म्हणाले, "ऱ्हवांदे. ह्याका काय होना नाय." किती दिवसांनी माझ्याबद्दल कुणी अभिमानाने बोललं! पाहुण्याच्या नळीत तेल आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. घरातल्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही हे खरं, पण आलं असतं तरी मी त्या दिवशी बोललो नसतो.

दोन दिवसांनी परवानगी काढून आम्ही चांदमारीच्या मैदानावर गेलो. हात मोकळा करायला श्रियाने आधी पाहुण्याला घेतलं. पहिला छर्रा आठात, दुसरा पाचात, तिसरा तर कागदाच्या बाहेर. ती गोंधळली, नळी डोळ्याशी धरली, मग बोटाला लागलेलं तेल हुंगलं. "अक्का..." एवढंच म्हणाली आणि त्याला पेटीत ठेवलं. माझ्या आत जत्रा भरली होती.

मग तिने मला उचललं. बोटं घामेजली होती. मी तिला एकदाही दगा दिला नाही. सातच्या सात गोळ्या सुटल्या. खोबरेल तापून असा वास सुटला की शेजारच्या हवालदाराने कुणी वडे तळतंय का म्हणून मान वळवून बघितलं. सातही कागदावर बसल्या, भांडून वेगळं राहणाऱ्या भावांसारख्या लांब लांब, पण कागदावर. सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. "बघितलंस? तेलात बुडवलो तरी अडाक नाय."

मी जिंकलो होतो. श्रियाने मला टेबलावर ठेवलं, तोंड निशाण्यामागच्या भिंतीकडे करून, माणसांपासून लांब.

"आजोबा, तिसरी गोळी माका सोडूची नाय हुती. मी अजून हात बसवत हुतंय. बोट जरासा दाबला आणि ह्या सुटला."

"होता तसा. सवय होतली."

"ताच माका नको. थंय चुकलंय तर माझो एक गुण जाता. हंय चुकलंय तर?"

सुभेदारांनी माझं मॅगझिन बाहेर काढलं. ज्या गुणावर मी आयुष्यभर छाती फुगवली, त्याच गुणापायी तिने मला नाकारलं. मी नेमात कमी पडलो म्हणाली असती तर मी सोसलं असतं. तिला भीती वाटली ती माझ्या भरवशाची.

पाहुण्याची नळी सुभेदारांनी त्याच संध्याकाळी साफ केली. तो पुन्हा दहात मारतो म्हणे. मारू दे. मला अजूनही त्याचं नाव काढवत नाही.

आज सकाळी सुभेदारांनी मला शेवटचं उघडलं, पुसलं, जोडलं. या वेळी डोळे उघडे ठेवून. थोड्या वेळाने ते मला ठाण्यात नेतील, पावती घेतील आणि एकटे घरी येतील. पुढे कधीतरी साहेबांचा हुकूम येईल आणि आमच्यासारख्यांना भट्टीत घालतील.

वाचणाऱ्या माणसा, तिथे तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर माझं एवढं मागणं पोचव. मला वितळवा, माझी तक्रार नाही. माझा चमचा करा, कडी करा, खिडकीचा गज करा. फक्त असं काहीतरी करा, जे त्या पोरीच्या हातात जाईल आणि ती तोंड भिंतीकडे करून ठेवणार नाही.