चुन्याच्या रेघेच्या अलीकडे

घोडेगावहून भीमाशंकरच्या रस्त्यानं निघालं की शिनोलीच्या अलीकडे एक ओढा लागतो. त्यावरचा जुना पूल उन्हाळ्यात पाडला. नवा होईपर्यंत गाड्या जायला ठेकेदारानं शेजारच्या शेतातून मुरूम टाकून कच्चा रस्ता काढला होता. एका वेळी एकच गाडी जाईल एवढाच. शिनोलीच्या बाजूनं तो चांगला उतार घेऊन खाली यायचा, ओढ्यातल्या सिमेंटच्या नळ्यांवरून जायचा आणि घोडेगावच्या बाजूला सपाटीला लागायचा. मधे बांबूच्या बेटापाशी वळण होतं. त्यामुळे या टोकाच्या माणसाला त्या टोकाचं काही दिसत नसे.

दोन्ही टोकांना सोलरवर चालणारे सिग्नल उभे केले होते आणि त्यांच्यापुढे रस्त्यावर चुन्याची रेघ मारली होती. पण लोक सिग्नलला जुमानत नव्हते. मग ठेकेदारानं दोन्हीकडे निशाण घेऊन माणसं उभी केली. शिनोलीच्या टोकाला भगवंत आणि घोडेगावच्या टोकाला द्रौपदा.

द्रौपदा शिनोलीचीच, शेहेचाळीस वर्षांची. तिचा नवरा जयवंत अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वॉचमन होता आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. द्रौपदानं आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं होतं. अंगावर नारिंगी जॅकेट घालून रस्त्याच्या मधोमध उभं राहायचं, हे काम तिला आधी लाजिरवाणं वाटलं, मग आवडायला लागलं. भगवंतचा फोन यायचा, "शेवटची पिकअप हाय, दुधाची. ती आली की सोड." पिकअप येऊन गेली की ती हिरवं निशाण दाखवायची. तिकडून गाड्या सुटल्या की ती लाल निशाण आडवं धरायची.

बाईनं आडवं धरलेलं निशाण फार जण मानत नसत. मोटरसायकली तर बाजूनं निघूनच जायच्या. गाडीवाले हॉर्न वाजवायचे, काच खाली करून काहीबाही बोलायचे. न सांगता थांबणारा एकच होता, सत्तार.

सत्तार जुन्नरचा. साठीला आलेला. छोट्या टेम्पोत टोस्ट, खारी, नानकटाई भरून भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांना पोचवायचा. एक दिवसाआड त्याची फेरी असायची. रेघेच्या अलीकडे टेम्पो उभा करायचा, इंजिन बंद करायचा आणि खाली उतरून पाय मोकळे करायचा. पहिल्याच आठवड्यात तो तिला ताई म्हणायला लागला आणि ती त्याला चाचा.

"तुमाला घाई नसती का चाचा?" तिनं एकदा विचारलं.

"घाई सगळ्यांनाच हाय. पण तिकडून येणाऱ्याला बी माझ्यासारखंच वाटत असंल ना, की रस्ता मोकळा हाय म्हणून."

त्याच्यामुळे तिला एक युक्ती सुचली होती. सत्तारचा टेम्पो रांगेत पुढे असला आणि थोडा तिरपा लावला, तर मागच्या गाड्यांना बाजूनं घुसायला जागा राहत नसे. दुसऱ्यातिसऱ्या फेरीपासून ती त्याला तसं सांगायची आणि तो तसा लावायचा. पुढे पुढे तो रांगेत मागे असला तरी ती त्याला हात करून पुढे बोलवायची.

श्रावणातला तिसरा सोमवार होता. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांची रांग घोडेगावच्या दिशेनं दिसेनाशी झाली होती. चार दिवस ऊन पडलं नव्हतं. सिग्नलची बॅटरी शुक्रवारीच उतरली होती आणि दोन्ही दिवे मेले होते. द्रौपदानं साइटवरच्या सुपरवायझरला, ऋषीला, दोनदा सांगितलं होतं. तो पंचविशीचा, दिवसभर फोनवर. "बघतो," एवढंच म्हणाला होता.

साडेदहाच्या सुमारास भगवंतचा फोन आला. "वरून गाड्या सोडल्यात. खडीचे दोन टिपर हायेत मधी. कोणाला सोडू नको."

तिनं लाल निशाण धरलं. पुढची मोटार थांबली, पण मागून दोन गाड्या उजव्या बाजूनं पुढे सरकायला लागल्या. रांगेत नऊ-दहा गाड्या मागे तिला सत्तारचा टेम्पो दिसला. तिनं हात केला. तो बाजूच्या चिखलातून वाट काढत पुढे आला आणि रेघेपाशी टेम्पो तिरपा लावून काचेतून डोकावला.

"मी काय तुमचं बॅरिकेड हाय का ताई?"

"असंच समजा आज," ती म्हणाली. "लई माजलीत आज ही लोकं."

तो हसला. पाऊस भुरभुरत होता म्हणून खाली उतरला नाही. टेम्पोतच बसून राहिला.

पांढरी मोठी गाडी कुठून आली ते तिला कळलं नाही. हॉर्नवर हात ठेवूनच ती आली आणि दोन चाकं शेताच्या बांधावर चढवून टेम्पोच्या कडेनं पुढे घुसली. द्रौपदा निशाण घेऊन आडवी गेली. गाडी थांबली नाही. आरसा तिच्या कोपराला लागला आणि ती बाजूला पडली. उठेपर्यंत गाडी नळ्यांवरून पुढे गेली होती. फोन काढून भगवंतला सांगायलाही वेळ मिळाला नाही. वळणातून भरलेला टिपर उतरत होता.

पांढरी गाडी समोर दिसताच टिपरवाल्यानं चाक फिरवलं. गाडी त्याच्या आणि बांबूच्या मधून निसटली आणि चढ चढून निघून गेली. टिपरला मात्र ओल्या मुरमावर ब्रेक लागला नाही. तो घसरत, तिरका होत सरळ रांगेच्या तोंडाशी आला. द्रौपदाला टेम्पोच्या काचेमागं सत्तार दिसला. त्यानं चावी फिरवली होती, इंजिनचा आवाज तिला ऐकू आला. पण मागे सरकायला जागाच नव्हती. मागे मोटार लागलेली होती.

टेम्पोचं तोंड आत दबलं. सत्तारला काढायला वीस मिनिटं लागली. तो शुद्धीवर होता. बोलत नव्हता, फक्त तोंड उघडत होता. रांगेतल्याच एका जीपनं त्याला मंचरकडे नेलं. वाटेतच तो गेला, असं दुपारी कळलं.

जीप गेल्यावर ऋषीनं टिपर मागे घ्यायला लावला आणि जेसीबी बोलावला. मागे दोन किलोमीटर गाड्या तुंबल्या होत्या, लोक शिव्या देत होते. जेसीबीनं टेम्पो साखळीनं ओढला आणि चुन्याच्या रेघेच्या पलीकडे, जिथं रस्ता जरा रुंद होता, तिथं नेऊन ठेवला. मग ऋषीनं कुठूनशी बॅटरी आणून सिग्नलला जोडली. पोलीस आले तेव्हा लाल दिवा व्यवस्थित पेटलेला होता आणि टेम्पो त्याच्या पुढे चाळीस फूट आत होता.

हवालदारानं द्रौपदाला विचारलं, "काय झालं बाई?"

"ती लई घाबरलीय साहेब," ऋषी म्हणाला. "ती पडली व्हती. तिनं काय बघितलं न्हाई."

हवालदारानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पांढऱ्या गाडीचा नंबर कोणाला सांगता येईना. भगवंतनं ती गाडी वर जाताना पाहिली होती, पण नंबरपट्टी चिखलानं भरलेली होती.

संध्याकाळी ऋषी तिच्याजवळ आला. "मावशी, जे झालं ते झालं. उद्यापासून नेहमीसारखं कामावर या. कोणी विचारलं तर सिग्नल चालू व्हता, एवढंच म्हणा."

ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली. तिसऱ्याही दिवशी गेली. रेघ नव्यानं मारली होती. गाड्या आता तिच्या निशाणाला थांबत होत्या. आठवडाभर तरी सगळे थांबत होते.

पुढच्या मंगळवारी जयवंत घरी आला. कॉलेजच्या गेटवर आलेलं जुनं वर्तमानपत्र त्यानं घडी घालून आणलं होतं. "तुझ्या इथली बातमी आलीय," म्हणून त्यानं वाचून दाखवली. चार ओळींचीच होती. सिग्नल तोडल्यामुळे टेम्पोचालक ठार, असं वर लिहिलं होतं.

द्रौपदा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "परत वाच," ती म्हणाली.

त्यानं परत वाचली.

"ते थांबलेले व्हते," ती म्हणाली. "दिवा बंद व्हता. माझ्या निशाणाला थांबलेले व्हते."

जयवंतनं वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, "हे बोललीस तर काम जाईल."

"जाईल."

"पोलीस म्हणतील, त्याच दिवशी का नाय बोललीस."

"म्हणतील." तिनं तव्यावरची भाकरी उलटली, ती करपली होती. "आधी त्यांच्या घरी जाऊन येते."

जुन्नरला सत्तारचं घर शोधायला वेळ लागला नाही. बेकरीत विचारल्यावर एका माणसानं गल्लीपर्यंत आणून सोडलं. दार तालिबनं उघडलं. सत्तारचा थोरला मुलगा, तिशीचा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला. ती कोण ते ऐकल्यावर तो दारातच उभा राहिला.

"अब्बांनी सिग्नल तोडला, माहितीय आम्हाला. सगळ्या जुन्नरला माहितीय. तुम्ही कशाला आलात?"

आतून बाईचा आवाज आला, "कोण हाय? आत येऊ दे."

सत्तारची बायको चांदबी नवऱ्याच्या मागे पाळायच्या इद्दतमध्ये होती, आतल्या खोलीत बसलेली. चार महिने दहा दिवस तिला घराबाहेर पडायचं नव्हतं. द्रौपदा तिच्यासमोर खाली बसली. सांगायचं काय ते तिनं एसटीत मनाशी जुळवून ठेवलं होतं, पण आता ते तसं आलं नाही. दिवा, पांढरी गाडी, टिपर, जेसीबी असं तुटक तुटक येत गेलं. तालिब दाराशी उभा होता.

"म्हणजे त्यांनी सिग्नल तोडला नाही," चांदबी म्हणाली.

"नाय चाची. ते रेघेच्या अलीकडे उभे व्हते. कायम उभे राहायचे."

"मी म्हटलं होतं ना तुला." चांदबीनं तालिबकडे पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं.

द्रौपदाला इथंच उठता आलं असतं. ती उठली नाही.

"अजून एक सांगायचंय. ते रांगेत मागं व्हते, नऊ-दहा गाड्या मागं. मी हात करून त्यांना पुढं बोलावलं. त्यांचा टेम्पो आडवा लावला की बाकीच्यांना घुसता येत नाय, म्हणून."

मग तालिब म्हणाला, "म्हणजे तुम्ही त्यांना तिथं उभं केलं."

"व्हय."

"मागं राहिले असते तर आज घरी असते."

"व्हय," द्रौपदा म्हणाली.

तालिब बाहेर निघून गेला. फाटक आपटल्याचा आवाज आला. चांदबीनं ओढणीनं डोळे पुसले. द्रौपदा जाजमाकडे बघत बसून राहिली.

"ते मला सांगायचे," चांदबी म्हणाली. "एक ताई हाय तिथं, तिचं कोणी ऐकत नाही, म्हणून मला पुढं बोलावती. हसायचे." तिनं द्रौपदाकडे पाहिलं. "हे सगळं चौकीत सांगशील? बोलावल्याचं पण?"

"सांगीन."

"मला इथून उठता येत नाही. तालिबला पाठवते तुझ्यासोबत. तो येईल. बोलणार नाही, पण येईल."

तो आला. दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात फौजदारासमोर द्रौपदा बसली आणि तालिब मागे भिंतीला टेकून उभा राहिला. फौजदारानं पहिला प्रश्न तोच विचारला, "त्याच दिवशी का सांगितलं नाही?"

"भ्याले साहेब. काम जाईल म्हणून भ्याले."

"आता नाही भीत?"

"आता बी भीते."

त्यानं जबाब लिहून घेतला. दिवा शुक्रवारपासून बंद होता, टेम्पो जेसीबीनं ओढला, बॅटरी नंतर जोडली, टेम्पो तिच्या सांगण्यावरून पुढे आला होता. शेवटचं वाक्य लिहिताना त्यानं वर पाहिलं. "हे लिहू? याचा तुम्हाला त्रास होईल."

"लिहा."

भगवंतला बोलावलं. तो आधी काहीच माहीत नाही म्हणाला. मग दिवा बंद होता, एवढं कबूल केलं आणि त्याच दिवसापासून द्रौपदाशी बोलणं सोडलं. रांगेतल्या एका मोटारवाल्यानं फोनमध्ये फोटो काढलेला निघाला, त्यात टेम्पो रेघेच्या अलीकडे, टिपरच्या तोंडाशी दबलेला दिसत होता. पोलिसांनी आरोपी म्हणून लावलेलं सत्तारचं नाव काढलं गेलं. टिपरवाल्यावर, ऋषीवर आणि अनोळखी गाडीवाल्यावर गुन्हा लागला. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली नाही. द्रौपदाला ऋषीच्या जागी आलेल्या माणसानं गुन्हा लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी जॅकेट जमा करायला सांगितलं.

दिवाळीच्या आधी पूल झाला. कच्चा रस्ता नांगरून शेतकऱ्यानं तिथं कांदा लावला. द्रौपदा त्या रानात लागणीला गेली होती. मुरमामुळे तिथं कांदा नीट लागत नव्हता.

कोर्टाची पहिली तारीख फेब्रुवारीत निघाली. चांदबीची इद्दत संपली होती, ती तालिबसोबत आली होती. बाहेरच्या बाकावर ती द्रौपदाशेजारी बसली. थोड्या अंतरावर टिपरवाल्याची बायको लहान मूल मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याकडे दोघीही बघत नव्हत्या. दुपारपर्यंत नाव पुकारलं नाही. मग कारकुनानं बाहेर येऊन सांगितलं, साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख एप्रिलमध्ये. पांढऱ्या गाडीचा अजून पत्ता लागलेला नव्हता.

तालिब आईला घेऊन पायऱ्या उतरला. मग एकटाच परत वर आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं द्रौपदाकडे सरळ बघितलं.

"एप्रिलला याल?"

"येईन."

"वकील म्हणतात, तिकडचा वकील तुम्हालाच धरणार. तुम्ही बोलावलं म्हणून मेले, असं म्हणणार."

"म्हणू दे," द्रौपदा म्हणाली. "ते खरंच हाय."

"तारीख लिहून ठेवा," एवढं म्हणून तो खाली गेला. द्रौपदा शिनोलीची जीप बघायला रस्त्याकडे निघाली.