दोन्ही हात मावणारा फोन

मी एक जुना फोन आहे, पण जुना होईपर्यंत मी कुणाचाच नव्हतो. नवल वाटले ना? मित्रांनो, फोनच्या दुकानात काउंटरवर वायरने बांधून ठेवलेले काही फोन असतात. ते विकायचे नसतात, हाताळून बघायचे असतात. त्यांतलाच मी एक, नमुन्याचा फोन.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी माझ्या भावंडांसारखाच डब्यात झोपलो होतो. कुणाच्या तरी घरी जाईन, कुणाच्या तरी खिशात बसेन, अशी स्वप्ने बघत होतो. डबा उघडला तो दुकानाच्या मालकांनी. त्यांनी माझ्या पाठीला एक जाड वायर चिकटवली आणि मला काउंटरवर उभे केले. भावंडे गिऱ्हाइकांबरोबर घरोघर गेली, मी राहिलो तिथेच. फार राग आला. पण मालक मनाचे चांगले. "काय राजे, झाली का झोप?" असे विचारून ते मला रोज सकाळी चालू करायचे, मग राग टिकायचा कसा?

आणि खरे सांगू? माझे ते दिवस ऐटीचे होते. माझा समोरचा कॅमेरा चांगला रुंद होता. हात लांब न करताही सगळे कुटुंब त्यात मावायचे, म्हणून माझ्यापुढे झुंबड उडायची. मुले जीभ काढून दाखवायची, मोठी माणसे केस सारखे करायची. माणसे फोन कसा निवडतात, हे माझ्याइतके कुणी पाहिले नसेल. कुणी घरून सगळी माहिती पाठ करून येतो आणि शेवटी रंग बघून घेतो. कुणी दुकानातले सगळे फोन चाळतो आणि "भावजींकडे कोणता आहे गं?" असे बायकोला विचारून तोच घेतो. एका आजोबांनी तर प्रत्येक नमुना कानाला लावून "हॅलो" म्हणून पाहिले आणि एकानेही उत्तर दिले नाही म्हणून रागावून निघून गेले.

पण नव्याचे नऊ दिवस! माझ्यापेक्षा सडपातळ, चकचकीत फोन आले. आता सगळ्यांना मागचा कॅमेरा मोठा हवा होता, समोरच्याची चौकशी कुणी करेना. मालकांनी मला उचलून कोपऱ्यात, फोनच्या कव्हरांच्या गर्दीत ठेवले. तिथे मी कुढत पडलो होतो, खोटे कशाला बोलू?

अशातच एका दुपारी एक आई, तिची तरुण लेक आणि मामा असे तिघे दुकानात आले. मामांनी आल्या आल्या मालकांना सगळी हकिगत सांगितली. आईचे कपडे इस्त्री करून देण्याचे दुकान होते. लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हते. तिला दूरच्या शहरात, चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली होती. लेकीकडे चांगला फोन होता, आईकडे मात्र अजून बटणांचाच. मायलेकी हातांच्या भाषेत बोलत, तेव्हा बटणांचा फोन त्यांच्या काय कामाचा?

मामा भलतेच अभ्यासू होते. "ताई, हा काळा घे. याच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात."

"खड्डे मला रस्त्यावर दिसतात तेवढे पुरे झाले," आई म्हणाली. "मला माझी पोर दिसायला हवी."

"मग हा सोनेरी घे. एकदा चार्ज केला की दोन दिवस बघायला नको!"

काळा की सोनेरी, सोनेरी की काळा, यात मामा स्वतःच इतके गुंतले की घाम पुसू लागले. शेवटी मालक म्हणाले, "मी सांगून काय उपयोग? बोलूनच बघा ना."

लेक आपला फोन घेऊन समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिली. आईने काळा फोन एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताने बोलू लागली. पण दोन हातांच्या भाषेत एकच हात म्हणजे निम्मे वाक्य! लेक "काय? काय?" असे हातांनी विचारत राहिली. मालकांनी फोन डब्याला टेकवून ठेवला, तर आता आईचे दोन्ही हात चित्राबाहेर. सोनेरी फोनचीही तीच गत झाली.

त्याचे असे होते, मित्रांनो. त्यांच्या दुकानात आई उभी असे आत इस्त्रीच्या टेबलाशी, लेक असे बाहेर कपडे घ्यायला, आणि मध्ये टांगलेल्या कपड्यांच्या रांगा. त्यांच्यावरून दिसावे म्हणून आई वर्षानुवर्षे हात उंच आणि ऐसपैस पसरून बोलत आली होती. इतर आया हाका मारतात, तशी ती हातांनी हाका मारायची.

"मागे सरक जरा," मामा म्हणाले.

"आणि तिकडे आपल्या दुकानात कुठे सरकू? टेबलामागे भिंत आहे."

"मग आवरून बोल ना गं! कोपरं अंगाशी धर."

आईने तेही करून पाहिले. कोपरे बरगड्यांशी दाबून ती बारीक बारीक खुणा करू लागली. थोड्याच वेळात लेक आत आली. तिचे हात भराभर हलले. मामांचा आवाज एकदम खाली आला. ते मालकांना म्हणाले, "म्हणतेय, ही माझी आई वाटतच नाही. कुणीतरी घाबरलेली बाई वाटते." लेकीचे हात पुन्हा हलले. "म्हणतेय, आईशी असं बोलावं लागणार असेल, तर मी जातच नाही."

आईचा चेहरा पडला. पोरीने धडपडून मिळवलेली नोकरी फोनच्या चौकटीपायी जायची वेळ आली होती. "अहो, मी आहे ना!" असे ओरडावेसे वाटले, पण कोपऱ्यातल्या नमुन्याला विचारतो कोण?

डोळे लपवायला लेक माझ्या कोपऱ्यात आली आणि उगीच कव्हरे चाळू लागली. तिचा धक्का लागून मी उजळलो. कुणा मुलाने माझा समोरचा कॅमेरा तसाच चालू सोडला होता. त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला, खांदे दिसले, कोपरेही दिसली. तिने एक हात पसरला. मग दुसरा पसरला. दोन्ही मावले! तिने काउंटरवर जोरात थाप मारली, तशी सगळी धावत आली.

मालकांनी डोके खाजवले. "अहो, हा नमुना आहे. कंपनीने असे फोन बनवायचंच बंद केलं. बॅटरी पार म्हातारी झालीय. चार्जिंगची वायर काढली की थोड्या वेळात मान टाकतो."

मी शरमेने अर्धा झालो. पण आई म्हणाली, "मी तरी कुठं हिंडायला जाते? राहील की टेबलाशेजारी, प्लगवर."

लेक पुन्हा फुटपाथवर गेली. आईने मला समोर ठेवले, बाह्या वर सारल्या आणि हात मोकळे सोडले. काय ते बोलणे! दोघी थांबेचनात.

"काय चाललंय त्यांचं?" मालकांनी विचारले.

"भांडतायत," मामा डोळे पुसत म्हणाले. "स्वेटर न्यायचा की नाही, यावरून."

"मग फोन बरोबर आहे," मालक म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीची वायर कापली.

आता मी इस्त्रीच्या टेबलावरच्या फळीवर राहतो. माझा आवाज इथे लागत नाही, तरी माझ्याइतकी बडबड दुसऱ्या कुठल्या फोनमधून होत नसेल. मित्रांनो, फोन घ्यायला जाल तेव्हा चंद्र जरूर बघा, बॅटरीही विचारा. पण आधी ज्याच्याशी बोलायचे आहे, त्याला समोर उभे करा आणि बोलून बघा. आणि फोन घरी आणलात की त्याची काच तेवढी पुसत जा.

माझी काच इस्त्रीच्या वाफेने सारखी धुरकट होते. मग आई बोलता बोलता थांबते, पुढे वाकते आणि बोटांनी मला हळूच पुसते. तिकडे, दूरच्या त्या शहरात, लेकीला एवढेच दिसते की आईचा हात आपल्या जवळ येतो आहे. दर वेळी ती आपला गाल पुढे करते.